विश्लेषण : डोक्याचं हाड नेमकं किती पक्कं असतं? खान्देशचे महामार्ग, हेल्मेट आणि कवटीचं गणित

दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातलं पाहिजे, हा नियम आजचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालकाला जितकं लागू आहे तितकंच सहप्रवाशालाही. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालक कार्यालयाने मागे बसणाऱ्यांवरही काटेकोर कारवाई करण्याचं पत्र काढलं, तेव्हा जणू नवा कायदा आल्यासारखी ओरड झाली. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने मसुदा काढला, की नवी दुचाकी विकताना कंपनीने दोन हेल्मेट द्यावीत. पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. गावातल्या गावात कशाला हेल्मेट, उन्हात डोकं शिजतं, बाईमाणसाने साडीवर हेल्मेट घालून बसायचं का, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, नशिबात असेल ते होईल.

या वादात दंड, पोलीस आणि नशीब या तिघांवर भरपूर बोललं जातं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते डोक्याचं हाड मात्र चर्चेत येत नाही. ते कसं बनलेलं असतं, कुठे पक्कं आणि कुठे कच्चं असतं, तुटल्यावर भरून येतं का, हे कळलं की हेल्मेटचा वाद वेगळा दिसू लागतो.

जळगाव-धुळ्यात हा प्रश्न जास्त का टोचतो?

धुळं हे महामार्गांचं जंक्शन आहे. मुंबई-आग्रा महामार्ग, सुरतेकडून नागपूरकडे जाणारा जुना सहा नंबरचा (आता ५३) आणि सोलापूरकडे जाणारा रस्ता इथे एकत्र येतात. उत्तरेला शिरपूर तालुक्यात पळासनेरपुढे बिजासन घाट लागतो, दक्षिणेला लळिंग. घाट उतरून येणारी अवजड वाहनं आणि रस्त्याला लागून असलेली गावं हे समीकरण किती भयंकर ठरू शकतं ते ४ जुलै २०२३ ला पळासनेरला दिसलं. ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडका देत महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान १० जणांचा जीव गेला.

जळगावचं दुखणं वेगळं आहे. इथे महामार्ग शहराच्या पोटातून गेला. अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौक, प्रभात चौक करत खोटेनगरपर्यंत ट्रक, बस, रिक्षा, शाळेची मुलं आणि भाजी घेऊन घरी निघालेली माणसं एकाच डांबरावर. पुढे बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विद्यापीठ, म्हणजे रोज शेकडो विद्यार्थी दुचाकीवरून याच रस्त्याने जाणार. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. तरसोद ते फागणे चौपदरीकरणाचं काम किती रेंगाळलं हे इथल्या कुणालाही विचारा. तेव्हा "गावातल्या गावात कशाला हेल्मेट" हे वाक्य निदान जळगावात तरी लागू पडत नाही. गावातला रस्ताच महामार्ग होता.

देशपातळीवरचे आकडे असे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. त्यातले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९. त्यात चालक ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. हे सगळेच्या सगळे हेल्मेटने वाचले असते, असं या आकड्यांचं भाषांतर करू नये. छातीवरून ट्रकचं चाक गेलं तर हेल्मेट काय करणार? पण हेल्मेटचा फायदा वेगळा मोजला गेला आहे. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं.

केळीचं खोकं आणि कवटी

रावेर-सावद्याहून परदेशी जाणारी केळी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात, त्याचा तुकडा फाडून पाहा. वर एक सपाट कागद, खाली एक सपाट कागद आणि मध्ये नागमोडी थर. कागदाच्या मानाने खोकं हलकं असतं आणि तरी एकावर एक थप्पी सोसतं. कवटीच्या वरच्या भागातली चपटी हाडं याच तत्त्वावर बनलेली आहेत. बाहेर टणक हाडाचा एक पापुद्रा, आत दुसरा टणक पापुद्रा, आणि दोघांच्या मध्ये जाळीदार, स्पंजासारखं हाड, ज्यात रक्त तयार करणारा मगज असतो. भरीव हाड असतं तर डोकं मानेला पेलायला जड गेलं असतं. या रचनेत वजन कमी आणि ताकद पुरेशी.

पुरेशी कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. माणूस उभ्याने पडला, दगड लागला, झाडावरून फांदी पडली, इतपत. सगळीकडे जाडीही सारखी नाही. डोक्याच्या वरच्या आणि मागच्या भागात हाड साधारण ६-७ मिलिमीटर जाड असतं. कानशिलापाशी मात्र ते दोन-तीन मिलिमीटरवर येतं, काही ठिकाणी त्याहूनही पातळ. शिवाय आतला पापुद्रा बाहेरच्यापेक्षा ठिसूळ असतो. त्यामुळे बाहेर नुसतं टेंगूळ दिसतं आणि आतला पापुद्रा तडकलेला असू शकतो.

कानशिलाची गोष्ट थोडी थांबून समजून घेण्यासारखी आहे. तिथे चार हाडं एकमेकांना मिळतात आणि नेमकी त्याच जागी आतल्या बाजूने एक धमनी हाडाला चिकटून, हाडातच कोरलेल्या पन्हाळीतून जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. मग कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्या मधल्या जागेत रक्त साठू लागतं. माणूस पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठून बसतो, "काही झालं नाही" म्हणतो, कधी स्वतः गाडी चालवत घरी जातो. तास-दोन तासांनी डोकं ठणकतं, उलट्या होतात, झोप अनावर होते. घरच्यांना वाटतं थकला असेल, झोपू द्या. पण आत साठणारं रक्त मेंदूला दाबत असतं. कवटी ताणत नाही, त्यामुळे दाबाला जायला दुसरी जागा नसते. वेळेत सीटी स्कॅन होऊन रक्त काढलं तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. उशीर झाला तर नाही. अपघातानंतर शुद्धीत असलेला माणूसही काही तास नजरेखाली का ठेवायचा, याचं उत्तर या धमनीत आहे.

मग थर्माकोल काय करतं?

हेल्मेटचं बाहेरचं कवच दिसतं, म्हणून श्रेय त्यालाच मिळतं. खरं काम आतलं थर्माकोल करतं.

ढोबळ हिशेब करू. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून, डोकं सरळ खाली आलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरीही, कारण हा वेग गुरुत्वाकर्षणाचा आहे, इंजिनाचा नाही. आता हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं त्यावर सगळं ठरतं. उघडं डोकं डांबरावर आदळलं तर ते दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबतं. थर्माकोलचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर चिरडत गेला तर थांबायला आठ-दहा पट अंतर मिळतं आणि मेंदूला बसणारा झटका त्याच प्रमाणात घटतो. ब्रेक हळू दाबण्यात आणि भिंतीवर आदळण्यात जो फरक आहे, तोच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चिरडलेलं थर्माकोल परत फुगत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कोरं दिसलं तरी कामातून गेलेलं असतं. दोन, रस्त्याकडेला मिळणाऱ्या दीड-दोनशेच्या टोपीत थर्माकोलच नसेल तर ती पावती चुकवण्यापुरती. जून २०२१ पासून देशात दुचाकीच्या हेल्मेटला भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र, म्हणजे आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक, सक्तीचा आहे. तसे नसलेले हेल्मेट विकणं बेकायदा असूनही ते उघड विकले जातात. कारवाई मात्र घालणाऱ्यावर होते, विकणाऱ्यावर क्वचित. हा प्रश्न दंडाच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

डोक्याची इजा आणि दुचाकी यांचं नातं वैद्यकाने ओळखलं ते एका प्रसिद्ध मृत्यूनंतर. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी लष्करातल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकांवर ही सक्ती यायला १९७३ उजाडलं. विरोध तिथेही झाला होता.

जबडा कुणी विचारातच घेत नाही

खान्देशात काय किंवा पुण्यात काय, अर्धं हेल्मेट लोकप्रिय आहे. हलकं, हवेशीर, फोन कानाला लावता येतो. त्यात कवटी झाकली जाते, जबडा उघडा राहतो.

खालचा जबडा चेहऱ्यातलं सगळ्यात मोठं आणि मजबूत हाड. शास्त्राच्या काटेकोर भाषेत तो चपट्या हाडांत मोडत नाही, पण बराचसा कवटीच्या हाडांसारखाच बनतो. हातापायाची हाडं आधी कुर्चेची बनतात आणि मग हाडाची होतात. कवटीचा वरचा भाग आणि जबडा मात्र आईच्या पोटात असतानाच मऊ पडद्यात थेट हाड साचत तयार होतात. जबडा तर गळपट्टीच्या हाडाच्या पाठोपाठ, गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच सुरू होतो. जन्मतः त्याचे दोन तुकडे असतात आणि ते हनुवटीच्या मध्यावर पहिल्या वर्षात जुळतात.

त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. त्यामुळे तो बऱ्याचदा एका ठिकाणी तुटत नाही, दोन ठिकाणी तुटतो. मार हनुवटीला लागतो आणि तडा जातो कानापुढे, जिथे जबड्याची मान बारीक असते. ही बारीक मान एका अर्थाने फ्यूज आहे. ती तुटते म्हणून जबड्याचं टोक सहसा कवटीत घुसत नाही. तिने मेंदू वाचतो, पण माणसाचं खाणंबोलणं अडतं. दात एकमेकांवर बसेनासे होतात, जबडा तारा किंवा पट्ट्यांनी बांधावा लागतो, कित्येक आठवडे पातळ अन्नावर काढावे लागतात. जबडा दोन्ही बाजूंनी तुटला तर जीभ मागे पडून श्वासच कोंडण्याची भीती असते. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटची हनुवटीपुढची पट्टी यासाठी आहे. ती शोभेची नाही.

लहान मुलांचं डोकं म्हणजे मोठ्यांचं छोटं डोकं नव्हे

टाकीवर बसवलेलं पोर, आईवडिलांच्या मध्ये दाबलेलं दुसरं, हे दृश्य अमळनेरपासून साक्रीपर्यंत कुठेही दिसतं. "लेकराची हाडं लवचिक असतात, काही होत नाही," असं वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात अर्धं खरं आहे.

बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात, मध्ये शिवणी असतात. पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या आसपास भरते, मागची दोन-तीन महिन्यांतच. जन्मावेळी मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावपट असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत ९० टक्क्यांच्या पुढे जातो. वाढणारा मेंदू आतून ढकलतो आणि शिवणींच्या कडांवर नवं हाड साचत जातं. कवटी मोठी होते ती अशी. पण आपण पाहिलेली ती खोक्यासारखी तीनपदरी रचना बाळाच्या कवटीत नसतेच. जन्मतः हाड एकपदरी असतं. दोन पापुद्रे आणि मधला जाळीदार थर वेगळे होऊ लागतात ते साधारण चौथ्या वर्षी. म्हणून तान्ह्या बाळाच्या डोक्याला मार लागला तर हाड तुटण्याऐवजी कधी चेंडूसारखं आत चेपतं. आणि हाड वाकतं तेव्हा त्याखालचा मेंदूही दाबला जातो. लवचिकपणाचा हा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही.

कायद्यातही चार वर्षं हीच रेघ आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू झाला. मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम किती पालकांना माहीत आहे, शंकाच आहे. मुलांच्या मापाचं शिक्क्याचं हेल्मेट तालुक्याच्या बाजारात सहज मिळत नाही, हेही तितकंच खरं.

मुलांच्या बाबतीत जबड्याचा मार जास्त फसवा. कानापुढचं जबड्याचं टोक हे त्याच्या वाढीचं महत्त्वाचं ठिकाण असतं आणि लहानपणी ते मऊ, रक्ताने भरलेलं असतं. मूल हनुवटीवर पडतं, हनुवटीला दोन टाके पडतात, जखम भरते, सगळे विसरतात. आत सांध्यात रक्तस्राव होऊन तिथेच हाड साचू लागलं तर काही महिन्यांनी तोंड कमी उघडतंय हे लक्षात येतं. सांधा जखडला की जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते, चेहरा एका बाजूला झुकतो, झोपेत श्वास अडखळतो. मग शस्त्रक्रिया करून जखडलेलं हाड काढावं लागतं आणि कधी बरगडीचा तुकडा लावून नवा सांधा करावा लागतो. हे फक्त दुचाकीने होतं असं नाही. बाजेवरून, जिन्यावरून, झाडावरून पडूनही होतं. हनुवटी फुटलेल्या मुलाचं तोंड नीट उघडतं का, दात पूर्वीसारखे जुळतात का, हे पुढचे काही महिने पाहणं एवढंच घरच्यांच्या हातात असतं. शंका आली तर दंतमहाविद्यालयातले तोंड-जबड्याचे शल्यविशारद यासाठीच असतात. धुळ्यात असं महाविद्यालय आहे.

तुटलेली कवटी भरून येते का?

पाय मोडला तर सहा-आठ आठवड्यांत हाडाला हाड जुळतं, मध्ये गाठ येते, ती पक्की होते. कवटी तशी वागत नाही. बारीक तडा हळूहळू भरतो, पण तुकडा निघाला आणि खिंड पडली तर मोठ्या माणसात ती आपोआप बुजत नाही. तिथे नुसता तंतूंचा पडदा धरतो. साधारण दोन वर्षांच्या आतील बाळात मेंदूच्या आवरणाला नवं हाड घडवण्याची ताकद असते, पुढे ती ओसरते.

म्हणून मेंदूला फार सूज आली की डॉक्टर कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात, मेंदूला फुगायला जागा देतात आणि तो तुकडा जपतात. मोठ्या रुग्णालयात तो अतिशीत कपाटात जातो. जिथे ती सोय नाही तिथे रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला जातो. महिन्या-दोन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा तो परत बसवतात. हाड खराब झालं असेल तर टायटॅनियमची जाळी किंवा हाडाचं सिमेंट. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, दुसरा खर्च, आणि मधल्या काळात डोक्याच्या एका बाजूला हाडच नसलेला माणूस घरात. केळीच्या कापणीला किंवा कपाशीच्या वेचणीला जाणारा हात असेल, तर त्या घराचा हंगाम बुडाला.

उन्हाचं काय?

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा वेळी हेल्मेट नको वाटणं हा बहाणा नाही, खरा त्रास आहे. डोक्याला रुमाल गुंडाळून निघणाऱ्याला उन्हाची अक्कल आहे, पण त्या रुमालात थांबायचं अंतर नाही. उपाय आहेत, फुकट नाहीत. हवेच्या झडपा असलेलं, फिकट रंगाचं हेल्मेट, आत सुती टोपी. पट्टा ढिला ठेवू नये, कारण पहिल्या धक्क्यातच हेल्मेट उडून जातं आणि दुसरा धक्का उघड्या डोक्याला बसतो.

सक्तीचा अनुभव राज्यात फारसा उजळ नाही. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली, ती विरोधापुढे टिकली नाही. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी तोच प्रयोग केला. पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट उसनं घेऊन पेट्रोल भरायचं, ही युक्ती लोकांना शिकवावी लागली नाही. केंद्रीय कायद्यात हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन आहे. पण मोहीम संपली की डोकी पुन्हा उघडी. दंडाच्या भीतीने घातलेलं हेल्मेट चौकापुरतं असतं. घाट किंवा गिरणेचा पूल चौकात येत नाही.

अपघात समोर घडला तर

जखमीला बसतं करून पाणी किंवा चहा पाजू नये. मान आणि डोकं एका रेषेत ठेवावं. तोंडात रक्त असेल, जबडा तुटलेला दिसत असेल तर मान सांभाळत कुशीवर वळवावं, म्हणजे श्वास मोकळा राहील. हेल्मेट ओढून काढायची घाई करू नये. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान धरून, दुसऱ्याने हळू काढावं. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्राव येणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी यातलं काहीही दिसलं तर जवळच्या दवाखान्यात मलमपट्टीत वेळ न घालवता १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठावं.

पोलीस चौकशीच्या भीतीने हात लावायचा नाही, ही जुनी समजूत आता कायद्याने निराधार आहे. कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजनाही लागू आहे. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या रुग्णालयात, आधी पैसे न भरता. दाखल करताना नातेवाइकांनी ही योजना नावाने मागावी, कारण काउंटरवरून ती आपणहून सांगितली जाईलच असं नाही.